भंगारातली गाडी आणि नावाची किंमत

आज गोष्ट सांगायची आहे ती लांबच्या मुलखातली, अमेरिकेतली. गोष्ट गाडीची आहे. गाडी म्हटलं की आपल्यातल्या काही जणी म्हणतील, हे बाप्यांचं काम, आपल्याला काय त्याचं? पण थोडं थांबून ऐका. यात पत्रा आणि इंजिन आहेच, शिवाय हाताचं काम आहे, त्या कामाची नोंद आहे आणि किंमत कशाने येते हा प्रश्नही आहे. तो प्रश्न आपल्या घरातल्या गोधडीलाही लागू पडतो.

अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती निघतात. त्यात साधारण अशी एक जाहिरात हमखास असते: ‘विकणे आहे. १९३२ ची फोर्ड, दोन दारांची. बॉडी अस्सल पत्र्याची. छप्पर तीन इंच उतरवलेलं. इंजिन शेवरोलेचं, गियर ऑटोमॅटिक, पुढे डिस्क ब्रेक. हाताने बांधलेली.’ खाली किंमत लिहिलेली असते, ती हजारो डॉलरमध्ये.

आता जरा विचार करा. गाडी फोर्ड कंपनीची, मग इंजिन शेवरोलेचं कसं? गाडी १९३२ ची, मग तिला आजच्या गाडीचे डिस्क ब्रेक कसे? छप्पर मुद्दाम कापून बुटकं कशाला केलं? आणि एवढी मोडतोड केलेली जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा महाग का?

अशा गाडीला तिकडे ‘हॉट रॉड’ म्हणतात. जुन्या, स्वस्त गाडीतलं जड ते काढून टाकायचं, इंजिनाची ताकद वाढवायची आणि आपल्या मनासारखी गाडी आपल्या हाताने बांधायची, म्हणजे हॉट रॉड. हे नाव १९४० च्या दशकात रूढ झालं. गाड्या मात्र त्याच्या आधीपासून बांधल्या जात होत्या.

गरिबांच्या पोरांचा खेळ

हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली ‘मॉडेल टी’ ही गाडी बाजारात आणली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या. सुरुवातीला तिची किंमत साडेआठशे डॉलरच्या आसपास होती. पुढे ती तीनशे डॉलरच्या आत आली. शेतकरी, दुकानदार, कारखान्यातला कामगार, सगळ्यांच्या दारात ही गाडी आली. त्यानंतर ‘मॉडेल ए’ आली, तीही लाखोंनी खपली.

एखादी वस्तू लाखोंनी खपली की दहा वर्षांनी तिचं भंगारही तेवढंच साठतं. १९२९ पासून अमेरिकेत मोठी मंदी आली. कारखाने बंद पडले, बँका बुडाल्या, हाताला काम राहिलं नाही. नवी गाडी घेण्याची ऐपत फार थोड्यांची होती. भंगाराच्या आवारात जुन्या फोर्ड मात्र थोड्या पैशांत मिळत. तरुण पोरं त्या आणत आणि घरामागच्या शेडमध्ये खोलून बसत. एका गाडीची चासी, दुसरीची बॉडी, तिसरीचं इंजिन असं जुळवत. आपण जुन्या लुगड्याचा एक तुकडा, धोतराचा एक तुकडा घेऊन वाकळ शिवतो, तसंच हे काम. कापड म्हणून टाकून दिलेलं, पण जोडल्यावर नवीच वस्तू उभी राहते.

हे सगळ्यात जास्त वाढलं ते कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिस शहराच्या आसपास. तिथे पाऊस कमी, त्यामुळे गाड्यांचा पत्रा लवकर गंजत नाही. शिवाय शहराच्या उत्तरेला मोहावी नावाचं वाळवंट आहे आणि त्यात कोरड्या तळ्यांचे मोठमोठे तळ आहेत. पाणी आटून माती अशी कडक आणि सपाट झालेली की मैलोन् मैल ना खड्डा ना झाड. म्युरॉक, हार्पर, रोझमंड, एल मिराज ही त्या तळ्यांची नावं. शनिवारी रात्री पोरं गाड्या घेऊन निघत. तळ्यावर पोचलं की मडगार्ड काढ, दिवे काढ, पुढची काच काढ, असं वजन कमी करत आणि गाडी किती पळते ते घड्याळ लावून मोजत. संध्याकाळी सगळं परत जोडून त्याच गाडीने घरी येत आणि सोमवारी तीच गाडी घेऊन कामावर जात. ताशी शंभर मैल, म्हणजे ताशी १६० किलोमीटर गाठणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती.

धूळ उडायची, एकमेकांच्या गाड्या दिसायच्या नाहीत, अपघात व्हायचे. म्हणून १९३७ साली तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन एक संघटना काढली, सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन. गाडी आधी तपासायची, नियम पाळायचे, वेळ नीट मोजायची आणि प्रत्येकाचा आकडा लिहून ठेवायचा असं त्यांनी ठरवलं. हा लिहून ठेवण्याचा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो आपल्याला लागणार आहे.

१९३२ ची फोर्ड एवढी खास का?

जाहिरातीत नेमकं १९३२ हेच साल का असतं, तेही सांगतो. त्या वर्षी फोर्ड कंपनीने स्वस्त गाडीत आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं. आपल्या मोटरसायकलला बहुधा एक सिलिंडर असतो. इथे आठ, चार-चारच्या दोन ओळी, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या तिरक्या. म्हणून त्याला व्ही-८ म्हणतात. अशी इंजिनं आधीही होती, पण ती श्रीमंतांच्या गाड्यांत असायची. फोर्डने सगळा सांगाडा एकाच ओतकामात ओतायची युक्ती साधली आणि ६५ हॉर्सपॉवरचं इंजिन असलेली गाडी पाचशे डॉलरच्या आतही मिळू लागली.

या इंजिनाच्या वरचं झाकण सपाट असतं, म्हणून त्याला ‘फ्लॅटहेड’ म्हणतात. रचना साधी असल्यामुळे घरच्या शेडमध्ये ते खोलता येई. एकाऐवजी दोन कार्बोरेटर लावायचे, झाकण घासून आतली जागा कमी करायची म्हणजे दाब वाढतो, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा वेगळ्या आकाराचा घालायचा, असे उपाय पोरांनी शोधले. काहींनी यातूनच धंदा उभा केला. व्हिक एडलब्रॉक हे गॅरेज चालवणारे गृहस्थ. त्यांनी आपल्या स्वतःच्या १९३२ च्या फोर्डसाठी जास्त कार्बोरेटर बसतील असा भाग तयार केला. लोक मागू लागले, तसं ते तोच भाग तयार करून विकू लागले.

आता छपराचं. छप्पर कापून उतरवलं की गाडीला वारा कमी अडतो. बॉडी चासीवर खाली ओढून बसवली की गाडी जमिनीलगत येते. म्हणजे हे आधी वेगासाठी केलं. पुढे तेच रूप डोळ्यांना आवडू लागलं आणि नुसत्या देखणेपणासाठीही होऊ लागलं.

वेडा ऑर यांचं बातमीपत्र

आता ज्यांच्यासाठी ही गोष्ट आम्ही निवडली, त्या बाईंकडे येऊ. त्यांचं नाव वेडा ऑर. नवरा कार्ल ऑर हाही शर्यतीतला, त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. वेडा स्वतः गाडी चालवत. कोरड्या तळ्यांवर त्या पुरुषांच्या बरोबरीने गाडी पळवत आणि आपली वेळ नोंदवत. त्या संघटनेत ज्यांना जागा मिळाली त्या पहिल्या बाई म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

पण त्यांचं त्याहून मोठं काम वेगळं आहे. १९४१ च्या डिसेंबरात अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. पोरं फौजेत गेली. पेट्रोल रेशनवर आलं. शर्यती बंद पडल्या. म्युरॉकचं तळं लष्कराच्या विमानतळाकडे गेलं. लोखंड गोळा करण्याच्या मोहिमांत कितीतरी जुन्या फोर्ड वितळवल्या गेल्या. अशा वेळी हा सगळा उद्योग विसरला गेला असता, त्यात नवल नव्हतं.

वेडा ऑर यांनी बातमीपत्र काढलं. कोण कुठे आहे, कोणाची काय खबर, असं जमवून छापायचं आणि समुद्रापलीकडे लढणाऱ्या पोरांना टपालाने पाठवायचं. परक्या मुलखात, छावणीत बसलेल्या पोराला आपल्या तळ्याची, आपल्या सोबत्यांची बातमी त्यात मिळे. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, त्यांनी तळ्यांवरच्या गाड्यांचं छायाचित्रांचं पुस्तक काढलं. या विषयावरच्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी ते एक. कोणती गाडी कोणाची, हे आज त्या पानांवरून कळतं.

मैत्रिणींनो, पळणाऱ्या गाडीचा आवाज दोन मिनिटांत विरतो. तिचा आकडा कोणीतरी लिहितं म्हणून तो उरतो. गाड्या बांधणारे पुष्कळ होते. लिहून ठेवणारे थोडे होते, आणि त्यात ही एक बाई होती.

युद्धानंतर

फौजेतून पोरं परतली तेव्हा त्यांच्या हातात दुप्पट कसब होतं. विमानांची, रणगाड्यांची इंजिनं त्यांनी हाताळली होती. लढाऊ विमानांखाली इंधनाच्या जादा टाक्या लटकवत, त्या थेंबाच्या आकाराच्या असत. युद्धानंतर त्या फुकापासरी विकायला आल्या. बिल बर्क नावाच्या माणसाने अशी टाकी आणून तिच्या पोटात इंजिन आणि बसायची जागा केली. पुढे अशीच एक टाकीची गाडी युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर १९५२ साली ताशी ३०० किलोमीटरच्या वर गेली. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच.

पण याची काळी बाजूही होती. तळी लांब, म्हणून कित्येक पोरं शहराच्या रस्त्यांवरच शर्यती लावू लागली. माणसं मेली. वर्तमानपत्रांनी झोड उठवली, पोलीस मागे लागले. हॉट रॉड म्हणजे गुंड पोरांची गाडी असं लोक म्हणू लागले. यावर काही शहाण्या माणसांनी दोन गोष्टी केल्या. १९४८ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसला या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, म्हणजे लोकांना कारागिरी जवळून दिसावी. त्याच महिन्यात ‘हॉट रॉड’ नावाचं मासिकही निघालं. दुसरी गोष्ट म्हणजे रस्त्यावरची शर्यत रस्त्यावरून उठवून बंदिस्त जागी नेली. वापरात नसलेल्या धावपट्ट्यांवर पाव मैलाच्या, म्हणजे साधारण चारशे मीटरच्या सरळ शर्यती सुरू झाल्या. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी त्यासाठी देशभराची संघटना काढली. नुसतं ‘करू नका’ म्हणून पोरं ऐकत नाहीत, त्यांना करायला सुरक्षित जागा द्यावी लागते, हे त्यांनी ओळखलं.

त्या शर्यतींत बाईला सहज जागा मिळाली असं समजू नका. मासिकांच्या पानांवर बाई दिसे ती बहुतेक वेळा गाडीशेजारी नटून उभी राहिलेली. शर्ली मलडाउनी यांनी ते चित्र बदललं. सगळ्यात वेगवान वर्गाचा परवाना त्यांना १९७३ साली मिळाला. या वर्गाचा परवाना मिळवणारी ही पहिलीच बाई. १९७७ साली त्या देशाच्या विजेत्या झाल्या, मग १९८० आणि १९८२ साली पुन्हा. त्या वर्गात तीन वेळा विजेतेपद मिळवणारं त्यांच्याआधी कोणीच नव्हतं, पुरुषही नाही. १९८४ साली भयंकर अपघात झाला, पायांचा चुरा झाला. तरी १९८६ साली त्या पुन्हा गाडीत बसल्या. त्यांच्या गाडीचा रंग गुलाबी असे.

विकायला काढलेल्या गाडीत विकतात काय?

आता परत त्या जाहिरातीकडे. हॉट रॉड कधीच एका सालाची नसते. कागदावर १९३२, पण इंजिन पुढच्या काळातलं. शेवरोले कंपनीने १९५५ साली हलकं आणि स्वस्त व्ही-८ काढलं, तेव्हापासून फोर्डच्या बॉडीत शेवरोलेचं इंजिन बसवणं सर्रास झालं. ब्रेक आजचे, तारा आजच्या. कित्येकदा बॉडीसुद्धा जुनी नसते. जुना पत्रा संपत आला, तशा फायबरच्या हुबेहूब बॉड्या निघाल्या, मग नव्या पत्र्याच्याही निघाल्या. म्हणून जाहिरातीत ‘अस्सल पत्रा’ हे शब्द ठळक लिहिलेले असतात, आणि म्हणूनच घेणारा चुंबक लावून पाहतो, चासीवरचा नंबर पाहतो, कागद मागतो. कॅलिफोर्नियात तर स्वतः बांधलेल्या गाड्यांना प्रदूषणाच्या नियमातून खास सवलत आहे, पण ती वर्षाला फक्त ५०० गाड्यांना.

आणखी एक गोष्ट. अशी गाडी बांधायला जेवढा खर्च येतो, तेवढा विकताना बहुतेक वेळा सुटत नाही. रात्री जागून केलेलं वेल्डिंग, पत्रा ठोकण्यात गेलेले महिने, ही मजुरी कोणी धरत नाही. हे आपल्याला समजावून सांगायला नको. आपल्याही कामात मजुरी अशीच हिशेबाबाहेर राहते.

मग काही गाड्यांना अफाट किंमत येते ती कशाने? एक उदाहरण सांगतो. ही गाडी हॉट रॉडची चुलत बहीण म्हणा, कारण ती वेगापेक्षा रूपासाठी बांधलेली होती. बॉब हिरोहाता हा जपानी वंशाचा अमेरिकन तरुण. त्याने आपली १९५१ ची मर्क्युरी गाडी बॅरिस बंधूंच्या गॅरेजात दिली. सॅम आणि जॉर्ज बॅरिस यांनी छप्पर कापलं, गाडी खाली बसवली, हिरवा रंग दिला. तिची छायाचित्रं मासिकांत छापून आली. पुढे फॅशन बदलली, गाडी या हातातून त्या हातात गेली. १९५९ साली एका शाळकरी वयाच्या मुलाने ती ५०० डॉलरला घेतली. त्याने ती विकली नाही. अनेक वर्षं सांभाळली, मग नीट दुरुस्त करून मूळ रूपात आणली. २०२२ साली लिलावात ती सुमारे २० लाख डॉलरला गेली. त्या वेळच्या भावाने साधारण १५ कोटी रुपये.

पत्र्याचे एवढे पैसे होत नाहीत, इंजिनाचेही नाही. तसाच पत्रा, तसंच इंजिन दुसऱ्या गाडीतही असतं. हे पैसे नावाचे. कोणी बांधली, कधी बांधली, कोणाकडे होती, याची अखंड नोंद छापील कागदावर होती. जी गाडी तितक्याच कसबाने बांधली पण बांधणाऱ्याचं नाव कोणी लिहिलं नाही, ती जाहिरातीत नुसती ‘हाताने बांधलेली’ म्हणून उभी राहते. कोणाच्या हाताने? ते कोणालाच माहीत नाही.

आपल्यासाठी यात काय?

आपल्याकडे अशी गाडी बांधून रस्त्यावर आणता येत नाही, हे आधी सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत नोंदणीशी न जुळणारा बदल करायला मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तेच ठामपणे सांगितलं. म्हणून पोरगं मोटरसायकलचा सायलेन्सर बदलायला किंवा जीपचा सांगाडा कापायला निघालं, तर त्याला हे आधीच सांगा. आणि गटातर्फे जुना ट्रॅक्टर किंवा टेम्पो घ्यायचा झाला, तर त्या अमेरिकेतल्या शहाण्या गिऱ्हाइकासारखं वागा. नवा रंग पाहून भुलू नका. आरसी बुकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. बँकेचा बोजा आहे का ते विचारा. शब्दावर नाही, कागदावर विश्वास ठेवा.

पण आम्हाला खरं सांगायचं आहे ते गोधडीचं. आपल्या आजीने, आईने किती वाकळा शिवल्या, किती नक्षी काढल्या. आज शहरातल्या प्रदर्शनात गोधडी चांगल्या किमतीला विकली जाते. तिच्यावर ‘हाताने शिवलेली’ असं लिहिलेलं असतं. कोणाच्या हाताने, ते नसतं. गाड्या बांधणारी ती पोरं आणि गोधड्या शिवणाऱ्या आपल्या बाया, दोघांनीही टाकलेल्या वस्तूतून नवी वस्तू घडवली. फरक पडला तो नोंदीने. त्यांच्यातल्या काहींची कोणीतरी वही ठेवली, छायाचित्र काढलं, छापलं. आपली कोणी ठेवली नाही.

ती आता आपणच ठेवायची. गटाचं इतिवृत्त आपण लिहितोच, पैशाचा हिशेब लिहितोच. त्याच वहीच्या मागच्या पानांवर आणखी चार रकाने आखा: वस्तू कोणती, केली कोणी, दिवस किती लागले, कोणाकडून शिकली. गोधडी असो, पापडाची नवी रीत असो, बांबूची टोपली असो. वस्तूच्या कोपऱ्यात दोऱ्याने नाव घाला, साल घाला. जमलं तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा, म्हाताऱ्या बायांचे तर आधी काढा. हे केलं की लगेच भाव वाढेल असं आम्ही म्हणत नाही. पण उद्या कोणी विचारलं, हे कोणाच्या हातचं, तर सांगायला नाव असेल.

या आठवड्याच्या बैठकीत एवढं एक काम कराच. प्रत्येकीने आपल्या घरातली सर्वांत जुनी हातची वस्तू आणा, ती कोणी केली ते सांगा आणि सचिवताईंनी ते लिहून घ्या. ज्या वस्तूंचं नाव आठवणार नाही, त्यांच्यापुढची जागा रिकामी सोडा. घरी जाऊन थोरल्या बायांना विचारा. त्या आहेत तोवर ती जागा भरता येईल.